पाळणाघरातला कोविड आणि दिवसांचा हिशेब

2022 चा जानेवारी, गुरुवारची दुपार. कोथरूडला आमच्या सोसायटीत पाळणाघर चालवणाऱ्या काकूंचा फोन आला. "अगं, ऐक ना," म्हणून त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "आपल्याकडच्या त्या मोठ्या मुलाला काल सकाळी ताप आला. आज रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. मंगळवारपर्यंत इथेच होता गं तो." माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. फोन आला त्या क्षणी ती आजीच्या मांडीवर बसून, आजीच्याच ताटातला वरणभात खात होती.

पुढच्या तासाभरात सोसायटीतल्या पाच घरांनी पाच वेगवेगळे हिशेब केले. कुणी रिपोर्टच्या दिवसापासून सात मोजले, कुणी ताप आल्यापासून दहा, तर कुणी थेट चौदा. आकडे सगळ्यांना पाठ होते, पण ते कशाचे आहेत हे फारसं कुणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटतं, सगळा घोळ तिथेच होता.

मुळात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना आपण सगळ्यालाच 'क्वारंटाइन' म्हणायचो. पण ज्याला आजार झालेला आहे त्याला वेगळं ठेवणं निराळं, आणि जो नुसता संपर्कात आला, ज्याला आजार होईल की नाही हे अजून ठाऊक नाही, त्याला घरी थांबवणं निराळं. पहिल्यात आपण विषाणू बाहेर पडायचा थांबण्याची वाट बघतो, दुसऱ्यात तो आत शिरलाय का हे कळण्याची. म्हणून दोन्हींचे दिवस वेगळे आणि मोजायची सुरुवातही वेगळी.

चौदा हा आकडा दुसऱ्या प्रकारचा. 2020 च्या सुरुवातीच्या अभ्यासांत असं दिसलं, की ज्यांना लक्षणं येतात त्यांच्यातल्या निम्म्यांना ती साधारण पाच दिवसांत येतात, आणि 100 पैकी 97 हून अधिक जणांना साडेअकरा दिवसांच्या आत. त्यात थोडी सावधगिरी मिसळली की चौदा होतात. विषाणूचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार आला तेव्हा हा काळ आक्रसून सरासरी तीन दिवसांवर आला. आजारी माणसाचे दिवसही कमी होत गेले. लक्षणं सौम्य असतील तर भारतात आधी दहा दिवस घरी राहायचं होतं. 5 जानेवारी 2022 च्या सूचनांनी त्याचे सात केले, तेही शेवटचे सलग तीन दिवस ताप नसेल तरच.

आता आमचा हिशेब. त्या मुलाला ताप आला बुधवारी. पण कोविडचा माणूस लक्षणं दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून विषाणू पसरवू शकतो, आणि लक्षणं सुरू व्हायच्या आसपास तर सर्वांत जास्त. म्हणजे बुधवारातून दोन वजा, सोमवार. मंगळवारी मी सुट्टीवर असल्यामुळे मुलगी घरीच होती, पण सोमवारी ती पाळणाघरात गेली होती. तेव्हा आमचा शून्य दिवस, म्हणजे जिथून मोजायचं तो दिवस, सोमवार. ती आधीच्या शनिवारीच शेवटची गेली असती, तर ती संपर्कात आली असं धरायचं कारणच नव्हतं. रिपोर्ट गुरुवारी आला, याचा या मोजणीशी काही संबंध नाही. उलट गुरुवारी आमचे तीन दिवस उलटून गेले होते, आणि त्यातलं प्रत्येक जेवण आजीच्या ताटात झालं होतं.

आमच्या डॉक्टरांनी सोमवारपासून सात दिवस मुलीला घरी ठेवायला सांगितलं. पुढचं वाक्य मात्र माझ्या जास्त लक्षात राहिलं: "मुलगी आणि तुम्ही, दोघींना एक समजा."

मोठ्या माणसाला खोलीत बसवून दाराशी ताट ठेवता येतं. तीन वर्षांच्या पोरीला ते कसं जमणार? तिला शी झाली की धुवायला कुणीतरी लागतं, रात्री दचकून उठली की कुशीत घ्यायला लागतं. लहान मुलाचं विलगीकरण होतं ते एका मोठ्या माणसासकट. म्हणून घरातलं कोण त्या जोडीत जाणार हे आधी ठरवावं लागतं: शक्यतो लस घेतलेलं, तब्येतीने धडधाकट आणि एकच माणूस. आई अंगावर पाजत असेल तर तिने मास्क लावून, हात धुऊन पाजत राहावं, असंच जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं होतं.

पुण्याला हे नवीन नाही. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. साथरोग कायदा आला तो त्याच वर्षी, आणि मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने तोच कायदा पुन्हा लागू केला. कायद्यात माणसं वेगळी करायची तरतूद होती. पण आजारी लेकराला उचलून न्यायला तेव्हाही कुणाची तरी पाठच लागली.

जोडी ठरली की मोजणीतला दुसरा पेच समोर येतो. मुलाला खरंच आजार झाला आणि घरच्यांना त्याच्यापासून दूर राहता आलं नाही, तर घरच्यांचा शून्य दिवस कुठला? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सुरुवातीच्या काळात म्हटलं होतं, की मुलाचे दहा दिवस संपले की तिथून घरच्यांचे चौदा सुरू, कारण तोवर रोज नव्याने संपर्क होतोच आहे. एकूण चोवीस दिवस! इंग्लंडमध्ये अख्ख्या घराचे दिवस पहिल्या आजारी माणसाच्या लक्षणांपासून मोजत आणि स्वतःला लक्षणं आली नाहीत तर ते वाढत नसत. विषाणू एकच, तर्क दोन. मला इंग्लंडचा नियम जास्त बरा वाटतो. चोवीस दिवस पगाराविना घरी बसणं ज्याला परवडत नाही तो ते पाळत नाही, आणि मग ताप लपवायला लागतो.

इंग्लंडने पुढचं पाऊल 16 ऑगस्ट 2021 ला टाकलं: अठरा वर्षं सहा महिन्यांखालच्या मुलांनी केवळ संपर्कात आल्यामुळे घरी बसायची गरज नाही. मोठ्या मुलांना पीसीआर चाचणी करून घ्यायला सांगितलं, पण चार वर्षं आणि त्याखालच्यांना घरातच कुणी पॉझिटिव्ह असेल तरच. तिथल्या बहुतेक मोठ्यांची लस तोवर झाली होती. एकेका रिपोर्टमागे पूर्ण वर्ग घरी पाठवण्याने मुलांचं किती नुकसान होतं हेही दिसलं होतं. हा निर्णय मला योग्य वाटतो. पण ही सूट संपर्कात आलेल्या, बऱ्या मुलांना होती. तापलेल्या मुलाला क्रोसिन पाजून शाळेत सोडायची परवानगी तिने कुणालाच दिली नव्हती.

लहान मुलांना हा आजार बहुतेक वेळा सौम्य का होतो? एक कारण नाकात आहे. विषाणू ज्या एसीई-2 रेणूला धरून पेशीत शिरतो, तो मुलांच्या नाकाच्या अस्तरात मोठ्यांपेक्षा कमी आढळला. शिवाय त्या अस्तरातल्या पेशी आधीच सावध असतात आणि विषाणू दिसताच इंटरफेरॉनचा, म्हणजे आसपासच्या पेशींना जागं करणाऱ्या प्रथिनाचा, इशारा झटकन देतात. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2021 च्या जून-जुलैमधल्या देशव्यापी पाहणीत 6 ते 9 वर्षांच्या 57.2 टक्के मुलांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) सापडली. या वयाला तेव्हा लस नव्हती, म्हणजे हा आजार निम्म्याहून जास्त मुलांना होऊनही गेला होता. तरीही वर्षाच्या आतलं बाळ किंवा आधीपासून दमा, हृदयाचा किंवा इतर मोठा आजार असलेलं मूल यांना जपायलाच हवं.

शुक्रवारी रात्री माझ्या मुलीला ताप भरला. आता ती जोडीतली आजारी आणि मी संपर्कातली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, थर्मामीटर राहू दे, आधी श्वास मोजा. मूल शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करायचा, घड्याळ समोर ठेवायचं आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळात 50 किंवा जास्त, त्याहून लहान बाळात 60 किंवा जास्त श्वास म्हणजे धाप. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल पाणी पीत नसेल किंवा मलूल पडून असेल, तर आकडा न बघता लगेच दवाखाना गाठायचा. मी तीनदा मोजले, 28 आले.

दीड दिवसात ताप उतरला. आजीने ते सगळे दिवस दाराशी खुर्ची टाकून, मास्क लावून, लांबूनच चिऊकाऊच्या गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या दिवशी मुलीने विचारलं, "आजी, तू माझ्यावर रागावलीस?" या प्रश्नावर कुठल्याच नियमावलीत उत्तर नव्हतं. आजी उठली, खिडकी उघडली आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

पाळणाघर दहा दिवस बंद राहिलं. आम्ही सगळ्या आयांनी महिन्याची पूर्ण फी दिली. नाहीतर पुढच्या वेळी तसा फोन करायला काकूंना किती जड गेलं असतं! पुन्हा सुरू करताना त्यांनी विचारलं, या पोरांना मास्क लावायचा का. पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्क लावू नये, हे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून 2021 मध्येच सांगितलं होतं. लस त्यांना नाही, अंतर ती ठेवणार नाहीत. मग उरते ती खोलीतली हवा. हा विषाणू मुख्यतः श्वासातून निघालेल्या बारीक थेंबांवरून आणि त्याहूनही सूक्ष्म, तरंगत राहणाऱ्या कणांवरून पसरतो. बंद खोलीत ते उदबत्तीच्या धुरासारखे साचतात, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की निघून जातात. काकूंच्या मागच्या खिडकीला थंडीमुळे वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. ते त्यांनी ओलं करून खरवडून काढलं, पंख्याचं तोंड बाहेरच्या दिशेने केलं, आणि आम्हाला निरोप पाठवला की उद्यापासून दुपारच्या झोपेसाठी प्रत्येकाने स्वेटर आणि कानटोपी द्यायची.