गोव्यातील लोकसंख्याबदल

जन्म, मृत्यू, स्थलांतर आणि राज्यकर्त्यांची धोरणे यांमुळे गोवा राज्याच्या (क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी.) लोकसंख्येत होत गेलेला बदल. आजच्या गोव्याच्या हद्दीत १९०० साली ४,७५,५१३ माणसे होती. २०११ च्या जनगणनेत ती १४,५८,५४५ भरली. म्हणजे एकशे अकरा वर्षांत लोकसंख्या तिपटीच्या थोडी वर गेली. मात्र ही वाढ एका गतीने झालेली नाही. पहिल्या साठ वर्षांत ती जेमतेम २४ टक्के होती आणि त्यापुढच्या तीस वर्षांत लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. या चढउतारांचा उलगडा जन्ममृत्यूंच्या नोंदींपेक्षा माणसांच्या येण्याजाण्यातून अधिक होतो.

हद्द व साधने : जुने आकडे वाचताना ‘गोवा’ म्हणजे नेमका कोणता प्रदेश, हे आधी पाहावे लागते. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बार्देस आणि सासष्टी त्यांच्याकडे आले. या तीन महालांना जुन्या काबिजादी (आधी जिंकलेला मुलूख) म्हणतात. फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी आणि पेडणे हा नव्या काबिजादींचा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोडला गेला. त्यामुळे सतराव्या शतकातील ‘गोव्याची’ लोकसंख्या आणि १९०० ची लोकसंख्या यांची तुलना करता येत नाही. पोर्तुगीज सत्तेतून मुक्ती (१९६१) मिळाल्यानंतरही घोटाळा होतोच : १९८१ चा आकडा काही ठिकाणी १०,८६,७३० तर काही ठिकाणी १०,०७,७४९ असा आढळतो, पहिल्यात दमण व दीव धरलेले आहेत. इथे वापरलेल्या पोर्तुगीज गणना १९००, १९१०, १९२१, १९३१, १९४०, १९५० आणि १९६० या वर्षांच्या आहेत. त्यांतील अंतर सारखे नसल्याने कोष्टकांतील ‘दशवार्षिक’ वाढीचे टक्के जपून वापरावेत.

गणनांपूर्वीच्या काळासाठी चर्चमधील बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व दफनाच्या वह्या हे मुख्य साधन आहे. त्या अर्थातच ख्रिस्ती लोकांपुरत्या आहेत. गावकारीच्या (कोमुनिदादीच्या, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) जोणकारांच्या याद्या हे दुसरे साधन. जोण म्हणजे गावकारीच्या उत्पन्नातील गावकाराचा वाटा. तो मिळण्यासाठी वंशातील पुरुषाचे नाव नोंदले जाई आणि माणूस मुंबईत वा कराचीत असला तरी ते यादीत राही. म्हणून या याद्यांवरून गावात किती माणसे राहत होती हे कळत नाही. गावाशी किती जणांनी नाते राखले, हे मात्र कळते. स्त्रिया आणि गावकार नसलेली कुळे या याद्यांत नाहीत. नव्या काबिजादींतील हिंदू वस्तीबद्दल एकोणिसाव्या शतकापूर्वीची माहिती फारच तुटपुंजी आहे.

जुने गोवे व साथी : सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोवा शहराची (आजचे जुने गोवे) वस्ती दोन लाखांच्या घरात होती, असे विधान अनेक पुस्तकांत येते. हा आकडा एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेलेला दिसतो. शहराचा विस्तार, पाण्याची सोय आणि आसपासच्या खाजनांतून (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतून) होऊ शकणारा धान्यपुरवठा लक्षात घेता साठ ते पंचाहत्तर हजारांच्या आसपासचे अंदाज अधिक पटण्याजोगे वाटतात. शहर ओसाड का झाले, याबद्दलही एकमत नाही. डचांनी तोडलेला व्यापार, मांडवीत साचत गेलेला गाळ आणि वारंवार येणाऱ्या साथी अशी कारणे दिली जातात. व्हाइसरॉय आधी पाणेली येथे आणि १७५९ मध्ये पणजीला राहायला गेला. पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा १८४३ मध्ये मिळाला.

साथींपैकी १५४३ ची साथ विशेष चर्चिली गेली आहे. गास्पार कुरैया या समकालीन पोर्तुगीज इतिहासकाराने तिचे वर्णन करताना रोगाचे स्थानिक नाव दिले आहे. ते ‘मोडशी’ या आपल्याच शब्दाचे रूप आहे. गार्सिया द ओर्ता या गोव्यातील वैद्याने १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथातही हा रोग येतो. पुढे युरोपात या शब्दाचे रूप बदलत गेले आणि फ्रेंचांनी ध्वनिसाम्यावरून त्याला ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ चिकटवला. आज मराठीत मोडशी म्हणजे अपचनाने होणारी ओकारी वा जुलाब. घरी लिंबाचा रस, आले देऊन बरा करायचा विकार. तोच शब्द सोळाव्या शतकात शेकड्यांनी माणसे नेणाऱ्या रोगासाठी वापरला जात होता. ही साथ आजच्या अर्थाने पटकीची (कॉलऱ्याची) होती का, याबद्दल वैद्यकाच्या इतिहासकारांत मतभेद आहेत. लक्षणांचे वर्णन पटकीशी जुळते. परंतु एकोणिसाव्या शतकातील जागतिक साथींशी तिचा संबंध जोडणे धाडसाचे ठरेल.

बाहेर जाणे : पहिले मोठे स्थलांतर सोळाव्या शतकातले. देवळे पाडली जाऊ लागली तशा देवता नदीपलीकडे हलवण्यात आल्या : कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. देवांबरोबर महाजनही (देवळांचे परंपरागत मानकरीही) गेले आणि बरेचजण पुढे कारवार, मंगळूर, कोची या भागांत स्थिरावले. ख्रिस्ती कुटुंबेही दक्षिणेकडे गेली. ते सर्व इन्क्विझिशनच्या (ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या, १५६०–१८१२) धाकामुळे, असे सर्रास सांगितले जाते. कर, दुष्काळ आणि युद्धे यांचाही त्यात वाटा असावा, हे मत आता अधिक मान्य होत आहे. किती माणसे गेली याचा हिशेब कोठे नाही. पण केरळात आणि कानड्यात आजही कुलदेवता विचारली की गोव्यातल्या गावाचे नाव निघते.

दुसरी लाट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला आणि मिठागरांवर पोट असलेली गावे अडचणीत आली. याच तहातून मुरगाव बंदर ब्रिटिश हिंदुस्थानाला जोडणारा लोहमार्ग झाला आणि बाहेर जाणे सोपे झाले. बार्देस-सासष्टीचे लोक मुंबई, पुणे, कराची येथे खानसामे, वादक, कारकून म्हणून गेले. बोटींवर जाणाऱ्यांना तारवटी म्हणत. त्यांच्यासाठी मुंबईत धोबीतलाव, माझगाव परिसरात गावागावाच्या ‘कूड’ उभ्या राहिल्या. कूड म्हणजे एक मोठी खोली : भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, एका टोकाला गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायचा तेर्स (जपमाळेची प्रार्थना). बोटीवरून उतरलेला तारवटी दुसरी बोट मिळेपर्यंत थोड्या पैशांत तेथे राही. हिंदू गोमंतकीयांची वस्ती गिरगावाकडे वाढली. गोवा हिंदू असोसिएशन १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झाले. मंगेशकर, केरकर, कुर्डीकर ही संगीतातली आडनावे म्हणजे या स्थलांतराच्या नोंदीच आहेत. पूर्व आफ्रिका, मोझांबिक आणि १९७० नंतर आखाती देश ही पुढची ठिकाणे सर्वपरिचित आहेत.

स्त्री-पुरुष प्रमाण : या स्थलांतराचा सर्वांत भक्कम पुरावा गणनांतच आहे. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १९०० मध्ये १,०९१, १९२१ मध्ये १,१२० आणि १९५० मध्ये १,१२८ होत्या. १९६० मध्ये हे प्रमाण १,०६६ झाले आणि १९७१ मध्ये एकदम ९८१ वर आले. काही लेखकांनी जुन्या आकड्यांचे श्रेय गोव्यातील स्त्रियांच्या बऱ्या स्थितीला दिले आहे. त्यात तथ्य असेलही. परंतु स्थितीतला फरक एका दशकात एवढा उलटत नाही. कर्ते पुरुष बाहेर होते म्हणून स्त्रिया अधिक दिसत होत्या आणि नंतर बाहेरचे पुरुष कामाला आले म्हणून त्या कमी दिसू लागल्या, हेच स्पष्टीकरण जुळते. १९४० ते १९५० या काळात एकूण लोकसंख्या केवळ साडेसहा हजारांनी वाढली, हेही त्याच्याशी सुसंगत आहे. १९१० ते १९२१ दरम्यान मात्र ती १७,२५८ ने घटली; त्यामागे १९१८ चा इन्फ्लुएन्झा असावा. त्या काळी शेत, घर, म्हातारी माणसे आणि मुले एकहाती सांभाळणाऱ्या बायकांचा इतिहास या कोरड्या गुणोत्तरामागे आहे आणि तो अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही.

मुक्तीनंतर : १९ डिसेंबर १९६१ नंतर प्रशासन, शाळा, रस्ते, खाणी, पुढे पर्यटन यांसाठी माणसे लागली. १९६० ते १९७१ मध्ये लोकसंख्या ३४.७७ टक्क्यांनी, तर १९७१ ते १९८१ मध्ये २६.७४ टक्क्यांनी वाढली. मृत्युदरात झालेली घट हेही त्याचे एक कारण होते. बाहेरून येणे आणि मृत्युदरातील घट या दोहोंचा नेमका वाटा किती, यावर वाद आहे. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, विजापूर येथून आणि अलीकडे उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथून लोक येतात. त्यांना ‘भायले’ (बाहेरचे) म्हणण्याची पद्धत आहे. मात्र ज्यांची मुले इथे जन्मली, इथल्या शाळेत शिकली, त्यांना हा शब्द लावणे अन्यायाचे आहे. गावोगावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद पडत असताना ज्या टिकल्या त्यांतील अनेक कन्नड वा हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांनीच टिकवल्या आहेत. २०११ च्या गणनेत कोंकणी ६६ टक्के, मराठी व हिंदी प्रत्येकी १० टक्क्यांच्या थोड्या वर आणि कन्नड साडेचार टक्क्यांवर मातृभाषा म्हणून नोंदली गेली.

जनन व वार्धक्य : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीतच (१९९२-९३) गोव्याचा एकूण जननदर (एका स्त्रीला सरासरी होणारी मुले) १.९, म्हणजे पुढची पिढी आधीच्या पिढीएवढी राखणाऱ्या पुनःस्थापन पातळीच्या खाली होता. पाचव्या फेरीत (२०१९-२१) तो १.३ झाला. राज्यांमध्ये याहून कमी केवळ सिक्कीमचा. उशिरा होणारे विवाह, साक्षरता (२०११ मध्ये ८८.७० टक्के) आणि कमी बालमृत्यू ही त्याची परिचित कारणे. साठीपुढचे लोक २०११ मध्ये सुमारे ११ टक्के होते. २००१–२०११ ची वाढ ८.२३ टक्के इतकी उरली.

धोरणे व वर्गीकरण : थेट लोकसंख्याविषयक धोरणांपेक्षा नागरिकत्व, वर्गीकरण आणि जमीन यांविषयीच्या निर्णयांचा परिणाम इथे मोठा आहे. मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. जुनी जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणीत चढवली की तो सुरू होतो. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नसल्याने ते नागरिकत्व घेणारा माणूस मतदारयादीतून जातो आणि घराला कुलूप लागते. २०११ मध्ये राज्यातील साधारण पाचांतले एक घर रिकामे नोंदले गेले. त्यांत सुट्टीपुरती घेतलेली घरेही आहेत. सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट, मुलींसाठीची लाडली लक्ष्मी योजना यांचा लोकसंख्येवरील परिणाम अजून कोणी नीट मोजलेला नाही.

काही बदल केवळ कागदावरचे असतात. अनुसूचित जमातींची संख्या २००१ मध्ये ५६६ होती, ती २०११ मध्ये १,४९,२७५ झाली. मधल्या काळात, २००३ मध्ये, गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा यादीत समावेश झाला होता. त्याचप्रमाणे शहरी लोकसंख्या ४९.७६ वरून ६२.१७ टक्क्यांवर गेली, त्यात पंचायती असलेली अनेक गावे ‘जनगणना शहरे’ ठरण्याचा वाटा मोठा आहे.

धोरणाने हललेल्या गावांपैकी सांगे तालुक्यातील कुर्डी हे सर्वांत ठळक. साळावली धरणासाठी ते उठवून लोकांना वाडे व वाळकिणी येथे वसवण्यात आले आणि १९८०च्या दशकात गाव पाण्याखाली गेले. मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांचे चौथरे, तुळशीवृंदावने आणि सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते. मे महिन्यात लोक तेथे जमून पूजा करतात, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या कपेलाच्या (छोट्या प्रार्थनामंदिराच्या) जागी फेस्त (संताचा सण) करतात आणि कोणते जोते कोणाचे, हे मुलांना दाखवतात. पावसाळ्यात ते पुन्हा बुडते.