हँग होणारा पीसी वेगळा आणि आपोआप रिस्टार्ट होणारा वेगळा

पीसी हँग होतोय म्हणून दुकानात न्या नाहीतर मधेच रिस्टार्ट होतोय म्हणून न्या, बऱ्याचदा उत्तर एकच मिळतं, "विंडोज खराब झालीय, फॉरमॅट मारावं लागेल". मग फॉरमॅटचे पैसे जातात, प्रिंटरचा ड्रायव्हर आणि मराठी फाँट परत टाकण्यात रविवार जातो आणि पुढच्या आठवड्यात परत तेच चालू. कारण मुळात बघितलंच नाही की नक्की काय होतंय.

हँग होतो तेव्हा मशीनला करंट नीट मिळत असतो, पंखे फिरतायत, स्क्रीनवर चित्र आहे, फक्त आत काहीतरी कशाची तरी वाट बघत अडकलंय. आपोआप रिस्टार्ट होतो तेव्हा एकतर करंट तुटलेला असतो नाहीतर विंडोजने स्वतःच ठरवून मशीन परत चालू केलेलं असतं. म्हणजे शोधायची जागाच वेगळी.

आधी हँगचं बघू. स्क्रीन गोठली की लगेच पॉवर बटण दाबून धरू नका, आधी कॅप्स लॉक दाबा आणि त्याचा लाईट लागतो-विझतो का ते बघा. लागत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे, थांबा जरा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर रीसेट होतो, स्क्रीन एकदा लुकलुकते आणि सगळं परत हलायला लागलं तर दोष त्याच ड्रायव्हरकडे. तसं नसेल आणि दोन-चार मिनिटांनी आपोआप सुटत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा बघा, १०० टक्के दाखवतोय पण खाली वाचायचा-लिहायचा स्पीड अगदी किरकोळ, असं असेल तर हार्ड डिस्क जायला आली असल्याचा संशय घ्या, खराब सेक्टर (डिस्कवरचे डेटा साठवायचे छोटे तुकडे) ती परत परत वाचायचा प्रयत्न करत बसते आणि तोवर बाकी सगळं खोळंबतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाका, त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर' ची (म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरची) ओळ शून्याच्या वर गेली असेल तर बाकीचे सगळे उद्योग बाजूला ठेवून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) वगैरे नंतर, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवलं की तिच्यावर अजून ताण येतो. 'सीआरसी एरर' चा आकडा वाढत असेल तर मात्र बहुतेक वेळा डिस्क बरी असते आणि साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर) खराब असते, ती बदलायला फारसा खर्च येत नाही.

कॅप्स लॉकचा लाईटच हलत नसेल तर पार आतून गोठलंय, मग रॅम, ग्राफिक्स ड्रायव्हर नाहीतर मदरबोर्ड बघायचा.

आता रिस्टार्ट. इथे एक सेटिंग सगळ्यात जास्त घोळ घालते. विंडोजमध्ये निळी स्क्रीन (विंडोज क्रॅश झाल्यावर येते ती) आली की मशीन आपोआप रिस्टार्ट करायचं हे आधीपासूनच ऑन असतं, त्यामुळे निळी स्क्रीन कधीकधी नीट दिसतसुद्धा नाही आणि माणसाला वाटतं लाईटचाच प्रॉब्लेम आहे. अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज मध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' ची टिक काढा. पुढच्या वेळी निळी स्क्रीन तिथेच थांबली तर त्यावरच्या कोडचा मोबाईलवर फोटो काढा, शोध ड्रायव्हर किंवा रॅमकडे. निळं काहीच न येता टपकन काळं होऊन परत चालू झालं तर करंटच्या बाजूने चला.

करंट म्हटलं की आधी सगळे एसएमपीएसवर (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायवर) जातात, दोष तिथे असतोही, गेम लावला की ग्राफिक्स कार्ड जास्त पॉवर ओढतं आणि जुना एसएमपीएस तिथेच मान टाकतो. १२ व्होल्टची लाईन ११.४ ते १२.६ मध्ये राहायला पाहिजे, पण नुसत्या डेस्कटॉपवर मोजलं तर बरोबरच दिसेल, लोड असताना मोजा. तरी आपल्याकडे मला जास्त संशय यूपीएसचा. पंप सुरू झाला की व्होल्टेज क्षणभर पडतं, यूपीएस बॅटरीवर जायला बघतो, आतली बॅटरी कधीच मेलेली असते आणि पीसी पडतो, व्होल्टेज आलं की परत उठतो. यूपीएसची पिन भिंतीतून काढून बघा (आधी सगळं सेव्ह करून!), पीसी त्याच सेकंदाला बंद पडला तर बॅटरी बदलायला झाली. घराच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याच्या मागचं यूपीएस मोडचं बटण बघा, साध्या मोडमध्ये बदली व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी पडू शकतो.

आता इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमध्ये काय काय झालं त्याची नोंदवही) उघडणाऱ्यांसाठी. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक थेट एसएमपीएस बदलतात. ४१ चा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन झालं नव्हतं, म्हणजे हँग झाल्यावर तुम्ही बटण दाबून धरलं तरी ४१ च येणार. डिटेल्समध्ये 'बगचेककोड' शून्य नसेल तर निळी स्क्रीन आली होती, 'पॉवरबटनटाइमस्टँप' शून्य नसेल तर कोणीतरी बटण दाबून धरलं होतं, दोन्ही शून्य असतील तर करंट गेला असण्याची शक्यता जास्त. आणि १०७४ दिसलं तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने किंवा माणसाने रीतसर रिस्टार्ट मागितला होता, कोणी ते नावही तिथेच असतं, खूपदा तो नुसता अपडेट असतो.

उष्णतेचं प्रकरण दोन्हीच्या मधलं. प्रोसेसर तापला की आधी स्पीड कमी करतो म्हणजे मशीन रखडतं, आणि तरीही तापत राहिला तर थेट बंद होतो, सहसा बंदच राहतो, स्वतःहून उठत नाही. हीटसिंकमधली (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या जाळीतली) धूळ काढा, तिच्या आणि प्रोसेसरच्या मधली पेस्ट बदला.

रॅम मात्र दोन्ही करते, आज हँग आणि उद्या निळी स्क्रीन, पॅटर्नच नाही. प्लग काढून रॅमची स्टिक बाहेर घ्या, सोनेरी पट्टी खोडरबरने हलकी घासा, चुरा झटकून परत बसवा. नाहीच थांबलं तर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा, दोन स्टिक असतील तर एकेक करून. सकाळी एक जरी एरर दिसला तर ती स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून परत टेस्ट करा, तिथेही एरर आला तर स्टिक बदला, नाही आला तर स्लॉट बघा.