न्हावा-शेवा : अडण्याच्या जागा बदलत गेल्या

मुंबई बंदराच्या इंदिरा गोदीत जहाज शिरते ते लॉकगेटमधून, म्हणजे गोदीतले पाणी अडवून धरणाऱ्या दारातून. 1914 साली खुल्या झालेल्या या गोदीचे तोंड साधारण साडेतीस मीटर रुंद, तर पनामा कालव्याच्या मापाची जहाजे 32 मीटरच्या पुढची. कंटेनरचा जमाना आला तेव्हा मोठे जहाज दारातच अडले. जे आत मावत होते त्यांचे डबे रचायला पुरेसे यार्ड नव्हते, आणि फाटकाबाहेर लगेच शहर. म्हणून खाडीपलीकडे, उरण तालुक्यात नवे बंदर बांधायचे ठरले. 26 मे 1989 रोजी ते सुरू झाले. कागदोपत्री नाव जवाहरलाल नेहरू बंदर, बोलण्यात मात्र न्हावा-शेवाच.

जमिनी गेल्या त्या आगरी-कोळ्यांच्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे, आले खरे, पण बंदराच्या प्रकल्पग्रस्तांच्या हाती इरादापत्रे पडायला 2014 उजाडले. शेवा कोळीवाडा उठवून हनुमान कोळीवाडा वसवला, तिथल्या घरांना वाळवी लागली. बंदराचे यश मोजताना हे सगळे सहसा सुटते.

सुरुवातीला कंटेनरसाठी 680 मीटरचा सरकारी धक्का होता. तो अपुरा पडू लागल्यावर 1997 मध्ये पी अँड ओ कंपनीशी तीस वर्षांचा करार झाला आणि 1999 मध्ये 600 मीटर धक्क्याचे, देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल चालू झाले. शेजारी स्पर्धक उभा राहिला की सरकारी धक्क्यालाही हात चालवावे लागतात. सुट्या मालाच्या धक्क्याच्या जागी 2006 मध्ये आणखी एक, 712 मीटरचे टर्मिनल आले. 2022 मध्ये बंदराने स्वतःचे टर्मिनलही खासगी हातात दिले. आता बंदर प्राधिकरण घरमालकासारखे: जागा, जलमार्ग आणि रस्ते त्याचे, डबे उचलायचे काम भाडेकरूंचे.

धक्के वाढले, पण जहाज तिथवर पोचणार कसे? खरी मेख इथे होती. 2012 पर्यंत जलमार्गाची खोली, म्हणजे नकाशावरची, मोठ्या ओहोटीलाही मिळणारी, 11 मीटरच्या आसपास होती. साडेबारा मीटर बुडणारे जहाज आणायचे तर तळाखाली आणखी सव्वा मीटर मोकळे पाणी हवे, एकूण पावणेचौदा. उरलेले पाणी भरतीकडून उसने घ्यायचे. मुंबईत भांगाची (अष्टमीच्या सुमाराची, लहान) भरती साधारण सव्वातीन मीटर, उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेची, मोठी) साडेचारच्या आसपास. त्यामुळे गणित बसे, पण फक्त भरतीच्या वेळेपुरते. वेळ चुकली की पुढची भरती साडेबारा तासांनी. तोवर जहाजाचे भाडे चढत राहते आणि धक्का रिकामा.

यावर उपाय म्हणजे जलमार्ग खोल करणे. मऊ चिखल ड्रेजर (गाळ उपसणारे जहाज) ओढून घेतो, बेसाल्ट मात्र फोडावा लागतो, आणि खर्च तिथेच फुगतो. पहिल्या टप्प्यानंतर 14 मीटर, दुसऱ्यानंतर 15 मीटर बुडणारी जहाजे येऊ लागली, तीही भरती साधूनच. साडेबारा हजार टीईयूच्या जहाजाला (एक टीईयू म्हणजे वीस फुटी डबा) वाट मोकळी झाली. गाळ काही थांबत नाही. पावसाळा आणि भरती-ओहोटी तो परत आणून टाकतात, म्हणून देखभालीचा उपसा कायमचाच.

मोठे जहाज एका दमात जास्त डबे उतरवते, म्हणून गर्दी आता यार्डात आणि फाटकावर आली. आयातीचा डबा आधी बाहेरच्या सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) जाई, तिथे कस्टम्सची तपासणी आणि वरचे भाडे. 2016 पासून थेट डिलिव्हरीवर भर दिल्यावर खात्रीच्या आयातदारांचा माल बंदरातूनच निघू लागला. रेल्वेचे दुखणे वेगळे: एकाच गाडीवर तीन-चार टर्मिनलचे डबे, त्यामुळे गाडी दारोदार फिरे. त्याऐवजी गाडी एकाच ठिकाणी रिकामी करून बाकीचे डबे ट्रेलरने पोचवायची पद्धत आणली. समर्पित मालवाहू मार्गाचा, म्हणजे फक्त मालगाड्यांसाठीच्या रेल्वेमार्गाचा, वैतरणा ते न्हावा-शेवा हा तुकडा मात्र सगळ्यात मागे रेंगाळला.

2024-25 मध्ये या बंदराने सुमारे 73 लाख टीईयू हाताळले. 15 मीटरच्या पुढे जायचे तर पुन्हा खडक फोडणे आले. म्हणून पुढच्या बंदरासाठी पालघरमध्ये वाढवणची निवड झाली, तिथे किनाऱ्याजवळच सुमारे 20 मीटर नैसर्गिक खोली मिळते. ऑगस्ट 2024 मध्ये भूमिपूजन झाले. तिथल्या मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा.