‘मराठी छान बोलतेस गं!’

खेड-चिपळूणकडच्या परकार किंवा मुकादम अशा कोकणी मुस्लिम घरातली, कुर्ल्यात वाढलेली मुलगी कॉलेजात येते आणि कुणीतरी कौतुकानं म्हणतं, “तुझं मराठी किती छान आहे गं!” म्हणणारीच्या मनात खोट नसते. पण शेजारी बसलेल्या सावंतांच्या मुलीला हे कधी ऐकावं लागत नाही.

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये ‘मी इथली आहे का?’ या अशाच साशंकतेवर अभ्यास प्रसिद्ध केला. प्रोजेक्टच्या गटात कुणी घेतलं नाही, तर एखादी ‘खडूस आहेत मेल्या’ म्हणून विषय सोडून देते. स्कार्फ बांधणारीला ते इतकं सोपं नसतं. स्कार्फमुळे, आडनावामुळे, की गट आधीच भरला होता? उत्तर मिळत नाही, आणि लेक्चर चालू असताना डोक्यात हा हिशेब चालूच राहतो. उघड अपमानापेक्षा हे संदिग्ध प्रसंगच जास्त दमवतात, असं मला वाटतं.

याच दोघांनी २०११ मध्ये एक उपाय मांडला. सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं, पुढे ते ओसरतं, हे सीनियर विद्यार्थ्यांचे अनुभव त्यांनी नव्या मुलांना वाचायला दिले. काम तासाभराचं, पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारलेले दिसले. प्रयोग अमेरिकेतला, तिथले आकडे मुंबईला चिकटवता येणार नाहीत. शिवाय २०२३ मध्ये २२ संस्थांतल्या जवळपास २७ हजार विद्यार्थ्यांवर तो झाला, तेव्हा कळलं की जिथे त्या विद्यार्थ्यांच्या समाजगटाला सामावून घेणारं वातावरण होतं, तिथेच उपाय लागू पडला. नुसतं मुलीला समजावून भागत नाही, कॉलेजात तशी जागाही असावी लागते.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत मुस्लिम १४.२ टक्के होते. २०२०-२१ च्या सरकारी सर्वेक्षणात उच्च शिक्षणातला त्यांचा वाटा ४.६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वर्गात आपल्यासारखी दुसरी दिसेलच असं नाही. त्यात चेंबूरच्या एका महाविद्यालयानं हिजाब, टोपी, बॅजवर बंदीचं परिपत्रक काढलं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या भागाला स्थगिती दिली. वर्गात बुरखा नको, ही अट मात्र राहिली. विद्यार्थ्यांचा धर्म कळू नये म्हणून हा नियम, असं कॉलेजचं म्हणणं होतं; त्यावर, नावावरून धर्म कळत नाही का, असं न्यायालयानं विचारलं होतं.

मग बुरखा काढून ठेवायला कॉमन रूममध्ये एक कपाट द्यावं, आणि प्रोजेक्टचे गट रोल नंबरनं पाडावेत. याला परिपत्रकसुद्धा लागत नाही.