गॉगलमधून स्क्रीन काळी का पडते?

मराठवाड्यात मार्च लागला की गॉगल ही चैन राहत नाही. समृद्धी महामार्गावर जालन्याहून निघालेला ड्रायव्हर असो की बांधावर उभं राहून ई-पीक पाहणीचा फोटो काढणारा शेतकरी, दोघांनाही उन्हापासून डोळे सांभाळायचे असतात आणि त्याच डोळ्यांनी स्क्रीनही वाचायची असते. पोलराइज्ड गॉगल असेल तर नेमकं इथेच अडतं. मोबाइल उभा धरला की सगळं स्वच्छ दिसतं आणि आडवा केला की काळाठिक्कर. काही फोनांत याच्या उलट. काही दुचाक्यांच्या डिजिटल मीटरवरचे आकडेही असेच गुडूप होतात. डिस्प्ले गेला असं वाटतं, पण तो शाबूत असतो.

याचं मूळ 1808 सालच्या पॅरिसमध्ये आहे. एतिएन-लुई मालुस हे फ्रेंच शास्त्रज्ञ लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेलं मावळतीचं ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होते. कॅल्साइटमधून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवला तसा त्यांचा उजेड कमी-जास्त झाला. पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाची कंपनं बरीचशी एकाच दिशेची होतात, हे त्यातून उमगलं. नाथसागराच्या पाण्यावरची किंवा तापलेल्या डांबरावरची चमक मुख्यतः आडव्या कंपनांची असते. पोलराइज्ड गॉगल ती अडवतो आणि उभी आत सोडतो.

स्फटिक मात्र रोजच्या वापरात येण्याजोगा नव्हता. 1852 मध्ये विल्यम हेरापथ या इंग्रज डॉक्टरांनी क्विनाइन आणि आयोडीनपासून बनलेल्या, प्रकाश गाळणाऱ्या बारीक स्फटिकांचं वर्णन केलं. पुढे अमेरिकेत एडविन लँड यांनी तसे असंख्य सूक्ष्म स्फटिक पातळ फिल्ममध्ये एका दिशेने बसवले आणि 1929 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. समोरच्या गाडीच्या हेडलाइटने डोळे दिपू नयेत, हा त्यांचा ध्यास होता. मोटार कंपन्यांनी ते मनावर घेतलं नाही. गॉगल मात्र खपले. 1938 मध्ये त्यांनी ताणलेल्या प्लास्टिकला आयोडीन देऊन आणखी चांगली फिल्म बनवली.

स्क्रीन याच फिल्मवर उभी आहे. 1970 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी दोन पोलरायझरच्या, म्हणजे एकाच दिशेची कंपनं सोडणाऱ्या अशा फिल्मच्या, मध्ये पीळ दिलेला द्रव-स्फटिकाचा थर ठेवला. विजेने पीळ सुटला की प्रकाश अडतो. कॅल्क्युलेटर, घड्याळ, मग टीव्ही आणि मोबाइल, सगळं या कल्पनेतून आलं. अशा स्क्रीनवरून वरचा पोलरायझर सोलून काढला तर नुसता पांढरा उजेड उरतो. ओएलईडीला, म्हणजे ज्या स्क्रीनचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो तिला, चित्र उमटवण्यासाठी पोलरायझर लागत नाही. पण बाहेरचं ऊन आतल्या धातूवरून परत डोळ्यांत येऊ नये म्हणून तिथेही सहसा तो लावतात.

म्हणजे स्क्रीन प्रकाशाला एक दिशा देते आणि गॉगल एकच दिशा आत घेतो. दोन्ही दिशा जुळल्या तर चित्र दिसतं, काटकोनात आल्या तर अंधार.

उपायाची विद्याही जुनीच. 1820 च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी प्रकाशाची कंपनं गोल फिरवता येतात हे मांडलं. वरच्या पोलरायझरवर 45 अंशांत ‘क्वार्टर-वेव्ह’ फिल्म लावली की स्क्रीनचा प्रकाश गोल फिरत बाहेर पडतो. मग फोन कसाही धरा, गॉगलमधून साधारण निम्मा उजेड येतोच. ही फिल्म सगळ्या रंगांना सारखी लागू पडत नाही, त्यामुळे थोडी रंगछटा राहते. म्हणून काही स्क्रीनवर खास पॉलिस्टर फिल्म लावतात. ती प्रत्येक रंगाचं कंपन इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेने वळवते की डोळ्याला सगळं मिळून पांढरंच दिसतं. साध्या प्लास्टिकच्या स्क्रीनगार्डवर इंद्रधनुषी पट्टे दिसतात ते याच गुणामुळे, फक्त तिथे तो अर्धवट आणि बेशिस्त असतो.

जिथे वर्षातले निदान चार महिने ऊन आग ओकतं, तिथे ही फिल्म महागड्या मॉडेलपुरती असू नये, असं माझं ठाम मत आहे. फोन घेताना किंवा डिस्प्ले बदलताना गॉगल घालूनच दुकानात स्क्रीन उभी-आडवी फिरवून बघा आणि काळी पडली तर दुसरा पीस मागा. दुचाकी घेतानाही शोरूमबाहेर उन्हात, गॉगल घालून, मान जरा कलवून मीटर वाचून पाहा.