अंतर्भागासह रणगाड्याचे प्लास्टिक मॉडेल

रणगाड्याचे केवळ बाहेरचे कवच न उभारता आतले इंजिन, गिअरबॉक्स, चालकाची जागा, तोफगोळ्यांचे कप्पे आणि तोफेच्या फिरत्या बुरुजातली यंत्रणा हे सारे प्रमाणात जोडून, रंगवून, शेवटी वरचे झाकण बसवलेले मॉडेल. छंदिष्टांच्या बोलीत याला ‘फुल इंटिरिअर’ म्हणतात. साध्या किटमध्ये जोडणी आधी होते आणि रंगकाम नंतर. इथे हा क्रम उलटतो. भाग रंगवायचा, मळवायचा (वापरलेला दिसेल असा मळका करायचा), आत बसवायचा आणि मग त्यावर दुसरा भाग चढवून तो कायमचा झाकायचा. बिघडणाऱ्या मॉडेलांपैकी बहुतेक या क्रमाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच बिघडतात. हाताच्या कौशल्याचा प्रश्न त्यानंतर येतो.

प्रमाण आणि मापे

या प्रकारातले रूढ प्रमाण 1:35 हे आहे. त्यामागे कोणतीही मोजमाप-पद्धत नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा बाजारात आणला. आत सेल आणि गिअरबॉक्स मावतील एवढा त्याचा आकार धरला होता. तो मूळ गाडीच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाइतका भरला आणि पुढे इतर कंपन्यांनीही तेच प्रमाण उचलले. आज ज्या पोकळीत लोक टाचणीच्या डोक्याएवढे मीटर रंगवत बसतात, ती मुळात सेल ठेवण्यासाठी होती.

या नोंदीत उदाहरणादाखल जर्मन टायगर-1 घेतला आहे. अकॅडमी आणि राय फील्ड मॉडेल या दोन कंपन्यांची त्याची 1:35 मधील अंतर्भागासह किट आहेत, आणि आतून सर्वाधिक अभ्यासला गेलेल्या रणगाड्यांपैकी तो एक आहे. मूळ धडाची लांबी 6.316 मीटर. ती 1:35 मध्ये 18 सेंटिमीटर, 1:48 मध्ये 13, तर 1:72 मध्ये नऊ सेंटिमीटरपेक्षाही कमी होते.

आतल्या जागेचा हिशेब मात्र लांबीपेक्षा पत्र्याच्या जाडीवर ठरतो. टायगरच्या पुढच्या बाजूचे चिलखत 100 मिमी, म्हणजे 1:35 मध्ये 2.9 मिमी. बाजूचे वरचे चिलखत 80 मिमी, म्हणजे 2.3 मिमी. किटच्या भिंती साधारण एक-दीड मिमी असल्याने इथे अडचण येत नाही. छताचे पत्रे मात्र 25 मिमीचे होते आणि ते प्रमाणात जेमतेम 0.7 मिमी होतात. साच्यातून निघणारे छत त्याहून जाड असते आणि ती वाढीव जाडी आतल्या उंचीतून कापली जाते. 1:72 मध्ये एक मिमीचा पत्रा म्हणजे मूळ गाडीचे 72 मिमी चिलखत झाले. म्हणून त्या प्रमाणात आतले सगळे भाग बुटके करावे लागतात किंवा छत आतून घासून पातळ करावे लागते.

आतली मांडणी

पुढे डावीकडे चालक आणि उजवीकडे रेडिओ ऑपरेटर बसतो. त्यांच्यामध्ये आठ पुढचे आणि चार मागचे गिअर असलेला मायबाख ओल्व्हार गिअरबॉक्स असतो व त्याच्या वर रेडिओची फळी येते. बुरुजाखाली फिरती जमीन आणि तिच्याखालून मागच्या इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे येणारा शाफ्ट. बुरुजात तोफेच्या डावीकडे पुढे गनर (तोफ रोखणारा), त्याच्या मागे कमांडर आणि उजवीकडे लोडर (गोळे भरणारा). आडव्या भिंतीपलीकडे बारा सिलिंडरचे मायबाख इंजिन, त्याच्या दोन्ही अंगांना रेडिएटर, पंखे व इंधनाच्या टाक्या. पहिल्या 250 गाड्यांना 21 लिटरचे एचएल 210 इंजिन होते आणि नंतरच्या गाड्यांना 23 लिटरचे एचएल 230. किटच्या खोक्यावर कोणत्या महिन्याची गाडी लिहिली आहे ते पाहून मगच इंजिन निवडावे.

धडाच्या तळाशी 16 टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन चाकांना स्प्रिंगसारखा आधार देणाऱ्या सळ्या, शेजारीशेजारी असतात. प्रत्येक बार गाडीच्या पूर्ण रुंदीभर जातो, त्यामुळे एका बाजूचे चाकांचे आर्म पुढे वळलेले आणि दुसऱ्या बाजूचे मागे वळलेले असतात. जमिनीचा पत्रा बसला की बार दिसत नाहीत, पण आर्म तिरके राहिले तर गाडी एका कोपऱ्यावर डुगडुगते. धड सपाट काचेवर ठेवून सगळे आर्म टेकतात याची खात्री करायची ती इथेच. पुढे काही सुधारता येत नाही.

सुटे भाग तयार करणे

किटमधले भाग प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात. भाग फ्रेमपासून दोनदा कापावा: पहिला काप निपरने, भागापासून मिलिमीटरभर लांब, दुसरा भागालगत, सपाट पात्याने. एकाच फटक्यात कापल्यास प्लास्टिक ताणले जाऊन पांढरे पडते किंवा भागाचा टवका निघतो. मग 400, 600 आणि 1000 क्रमांकाचा सँडपेपर.

या प्रकारातली खरी डोकेदुखी म्हणजे इजेक्टर पिनचे गोल ठसे. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिना तिथे एक-दोन मिमीची उथळ वर्तुळे सोडतात. साध्या किटमध्ये ती आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला असतात. इथे न दिसणारी बाजूच नसते. चिलखताच्या आतल्या अंगावर, आसनांच्या पाठीवर, हॅचच्या (आत-बाहेर करायच्या तोंडाच्या) झाकणावर सगळीकडे ती दिसतात. पुटी भरून घासणे हा नेहमीचा उपाय, पण शेजारी रिवेट असतील तर घासताना तेही जातात. अशा ठिकाणी सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद, थेंबभर भरावा आणि तो दगडासारखा कडक व्हायच्या आत, तासाभरात, लहान तुकड्याने घासावा. सगळेच ठसे बुजवायची गरज नसते. छत तात्पुरते ठेवून हॅचमधून टॉर्च मारावा आणि जे दिसेल तेवढेच बुजवावे.

प्लास्टिकचे पातळ सिमेंट सांध्यात ब्रशने टेकवले की केशाकर्षणाने आपोआप पसरते आणि दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. रंगावर ते काम करत नाही, वर रंगही उचलून टाकते. म्हणून रंगवण्यापूर्वी सांध्याच्या जागा टेपने झाकाव्यात किंवा नंतर तिथला रंग खरवडावा. पेरिस्कोपच्या पारदर्शक भागांना फेव्हिकॉल लावावा. सायनोॲक्रिलेटच्या वाफेने त्यांवर पांढरी धूसर साय धरते.

वायरिंग किटमध्ये क्वचितच पूर्ण असते. 0.2 मिमीची तार प्रमाणात 7 मिमीच्या केबलइतकी आणि 0.3 मिमीची साडेदहा मिमीइतकी होते. जुन्या इअरफोनमधली तांब्याची तार चालते, पण ती वाकवली की थोडी परत उलटते. शिशाची तार वळवावी तशीच राहते. फक्त ती हाताळल्यावर हात धुवावेत.

आतले रंगकाम

वरचा अर्धा भाग आणि बुरुजाची आतली बाजू हस्तिदंती (आरएएल या जर्मन रंगसूचीत क्रमांक 1001), धडाचा तळ आणि इंजिनकक्ष लालसर-तपकिरी प्रायमरचा (आरएएल 8012), ही टायगरची सर्वसाधारण विभागणी. फिका रंग गडद रंगावर झाकायला चार-पाच हात लागतात आणि तेवढ्यात रिवेट बुजतात. म्हणून राखाडी प्रायमरवर आधी हस्तिदंती मारावा, मग टेप लावून तपकिरी. 0.3 मिमी नोझलचा एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन), 15 ते 20 पीएसआय दाब आणि दुधासारखा पातळ रंग पुरतो. आतल्या कोपऱ्यांत हवा फिरून परत येते व रंग कोरडा, खरखरीत बसतो. दाब कमी करून आणि जवळून मारल्यास हे टळते.

लॅकर रंग वापरणाऱ्यांनी कोकणात व मुंबईत पावसाळ्याचे भान ठेवावे. हवेतली आर्द्रता वाढली की लॅकरचा थर वाळता वाळता दुधाळ पडतो. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर एअरब्रश धुवायला ठीक आहे, पण उघड्या प्लास्टिकला लागला तर ते खातो.

तोफगोळ्यांवर बराच वेळ जातो. टायगरमध्ये 88 मिमीचे 92 गोळे असत. एकेकाची पितळी नळी मूळ 571 मिमी, म्हणजे मॉडेलवर 16 मिमी लांब. चिलखतभेदी गोळ्याचे टोपण काळे आणि टोक पांढरे, स्फोटक गोळ्याचे पिवळे. उलट्या चिकटवलेल्या टेपवर ओळीने उभे करून आधी सगळ्या नळ्या फवाराव्यात, मग टोके हाताने रंगवावीत. रंगाचा थर चढला की गोळा कप्प्याच्या भोकात जात नाही ही तक्रार हमखास येते. पहिला गोळा रंगवताच बसवून पाहावा आणि भोके गरजेनुसार मोठी करावीत. 92 गोळे रंगवून मग हे कळले, तर ते सगळे पुन्हा घासावे लागतात.

मळवण्याआधी चकचकीत वार्निश द्यावे, म्हणजे वॉश (फटी गडद करणारा अतिपातळ रंग) डाग न पाडता फटींत उतरतो. हस्तिदंतीवर काळा वॉश फार कठोर दिसतो, गडद तपकिरी बरा. एनॅमल वॉशचा पूर एकाच ठिकाणी सोडू नये. ताणाखाली जोडलेल्या सांध्यात थिनर शिरला की पॉलिस्टायरीन तडकते. कधी दुसऱ्या दिवशी टॉर्शन बारचा आर्म आपोआप तुटलेला सापडतो तो याचमुळे. रंगाचे टवके बोटे, बूट आणि गोळे घासतात तिथेच असावेत, म्हणजे हॅचची कड, पायठेवणी आणि कप्प्यांची तोंडे. आत गंज दाखवणे ही नवशिक्याची खूण. पाच माणसे रोज वापरत असलेल्या गाडीच्या कोरड्या, रंगवलेल्या पोटात गंज चढत नाही. तळाशी चिखल, धूळ आणि तेल जमते. हॅचच्या झाकणांची आतली बाजू मात्र हस्तिदंती ठेवू नये. झाकण उघडले की ती बाहेर येते, म्हणून तिला बाहेरचाच रंग असे.

झाकण बसवणे

इंजिन, रेडिएटर, भिंत, फिरती जमीन, गिअरबॉक्स आणि रेडिओची फळी यांची जाडी व रंगाचे थर एकमेकांवर साचत जातात आणि शेवटी वरचे धड अर्धा मिलिमीटर वर राहते. ते दाबून, रबरबँड बांधून चिकटवले तर आठवड्याभरात सांधा उघडतो. आधी अडसर शोधावा. प्रत्येक उंच भागाच्या माथ्यावर मुलांच्या प्लॅस्टिसिनची मुगाएवढी गोळी ठेवायची, वरचे धड हलके दाबायचे आणि उचलून पाहायचे. जी गोळी कागदासारखी चपटी झाली तिथे भाग अडतो आहे. टायगरमध्ये हे बहुधा आडव्या भिंतीच्या वरच्या कडेशी किंवा किंचित कललेल्या रेडिएटरशी निघते. भाग दोन-तीनदा घासून पुन्हा तपासावा. हीच परीक्षा कोऱ्या प्लास्टिकवर, एकही भाग रंगवण्यापूर्वी, सगळे टेपने जोडून एकदा घेतलेली असेल तर या टप्प्यावर फक्त रंगाची जाडी निस्तरायची उरते.

बाहेरचे काम

बाहेरचा रंग आत जाऊ नये म्हणून हॅच बंद करून फेव्हिकॉलच्या टिपक्यांनी तात्पुरते चिकटवावेत. उघडे हॅच ओल्या टिश्यूच्या बोळ्यांनी बुजवण्याची पद्धतही आहे, पण बोळा पेरिस्कोपला घासतो आणि कधीकधी चिमट्याने निघता निघत नाही. बुरुजाचे गोल भोक आणि इंजिनावरच्या जाळ्या लक्षात ठेवून झाकाव्यात. तिथून आत गेलेला रंगाचा धुरळा नंतर पुसता येत नाही.

सुरुवातीच्या टायगरला एका बाजूला 24 अशी 48 चाके, एकमेकांत गुंतलेल्या रांगांत. आतली रांग बाहेरच्या रांगेआड जाते, म्हणून चाके रंगवूनच बसवावी लागतात. साखळीचे एका बाजूला 96 दुवे असतात.

ठेवण्याची पद्धत

सगळे झाले तरी कमांडरच्या हॅचचे तोंड दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर असते, आणि त्यातून गनरच्या आसनापुढे फारसे दिसत नाही. म्हणून वरचे धड न चिकटवता तीन मिमी व्यासाच्या निओडायमियम चुंबकांवर बसवतात. चुंबकांची जागा सुरुवातीलाच, जोडणीपूर्वी ठरवावी लागते आणि ध्रुव उलटे लागले नाहीत ना ते पेनने खूण करून पाहावे लागते. दुसरी रीत म्हणजे एका बाजूचे चिलखत कापून गाडी संग्रहालयातल्या काटछेदासारखी उघडी ठेवणे. काही किटमध्ये धड आणि बुरूज पारदर्शक प्लास्टिकचे दिलेले असतात. कल्पना चांगली असली तरी त्यात सिमेंटचा प्रत्येक ओघळ आणि बोटाचा ठसा कायमचा दिसतो.

संदर्भाची छायाचित्रे

ब्रिटनमधील बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये एप्रिल 1943 मध्ये ट्युनिशियात पकडलेला टायगर 131 चालू स्थितीत आहे आणि त्याच्या अंतर्भागाची छायाचित्रे मुबलक मिळतात. त्यात एक सापळा आहे. या गाडीत मुळात एचएल 210 इंजिन होते, दुरुस्तीत तिला एचएल 230 बसवले गेले. बुरूज 131 प्रमाणे आणि इंजिनही त्याच छायाचित्रांवरून केले, तर मॉडेल 1943च्या गाडीचे न होता संग्रहालयातल्या गाडीचे होते. दोन्ही करायला हरकत नाही, पण कोणते करतो आहोत ते माहीत असावे.

महाराष्ट्रात अहिल्यानगरला (अहमदनगर) 1994 पासून कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. तिथल्या सेंच्युरियन, विजयंता, शर्मन आणि पकडलेल्या पॅटनवर वेल्डिंगच्या रेषा किती जाड, ओतीव चिलखत किती खडबडीत आणि चाकांच्या रबराच्या कडा कशा झिजतात हे हातभर अंतरावरून पाहता येते. बुरुजाचा पृष्ठभाग किती घासायचा आणि कुठे खरखरीत सोडायचा हे छायाचित्रांपेक्षा तिथे लवकर समजते.