जीपीआयबी म्हणजे स्किपी नव्हे

“या मीटरच्या जीपीआयबी कमांड कुठे मिळतील?” लॅबमध्ये नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हे विचारतो. त्याला हवी असते ती यादी खरं तर स्किपीची, म्हणजे उपकरणाला हुकूम द्यायच्या भाषेची. आपण मॅन्युअलमधलं पान काढून देतो, त्याचं काम भागतं आणि घोळ तसाच राहतो. तो उघडा पडतो मीटर पहिल्यांदा अडकून बसतो तेव्हा.

जीपीआयबी ही बस आहे, म्हणजे संगणक आणि उपकरणं जोडणाऱ्या सामायिक तारांची वाट. एचपीने ती १९६० च्या दशकाच्या शेवटी आपल्याच उपकरणांसाठी तयार केली, तेव्हा तिचं नाव होतं एचपी-आयबी. १९७५ मध्ये ती आयईईई ४८८ हे मानक झाली. २४ पिनांचा, एकावर एक चढवता येणारा तो जाडजूड कनेक्टर. त्यात डेटाच्या आठ लाइन, हँडशेकच्या (‘पाठवू का, मिळालं’ अशा खुणांच्या) तीन, नियंत्रणाच्या पाच, बाकी ग्राउंड आणि शील्ड. कंट्रोलर (बस चालवणारा संगणक) धरून १५ उपकरणं आणि एकूण २० मीटर केबल, एवढी तिची मर्यादा. एक बाइट इकडून तिकडे नीट कसा पोचवायचा, हे मानक सांगतं. त्या बाइटचा व्होल्टेजशी काय संबंध, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही.

म्हणून मग ज्याने त्याने आपापले सांकेतिक शब्द ठरवले. एचपीच्या ३४७८ए मीटरला डीसी व्होल्टेजवर न्यायचं तर ‘एफ१’ पाठवायचं. दुसऱ्या कंपनीचा मीटर आणला की प्रोग्राम पुन्हा लिहायचा. स्किपी आली १९९० मध्ये, हे थांबवायला. ‘मेझर:व्होल्टेज:डीसी?’ असं वाचता येईल अशी भाषा, लघुरूपाचा नियमही ठरलेला: रोमन लिपीतली पहिली चार अक्षरं, आणि चौथं अक्षर स्वर असेल तर तीनच. पूर्ण शब्द चालतो, लघुरूप चालतं, अधलंमधलं काही पाठवलं तर उणे ११३ नंबरची एरर येते.

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे एकाच खोक्यात बघायचं असेल तर एचपी ३४४०१ए या मीटरच्या मेनूत जा. तिथे भाषा निवडता येते: स्किपी, ३४७८ए ची जुनी भाषा, किंवा फ्लूकच्या ८८४०ए ची. केबल तीच, पत्ता तोच (कारखान्यातून २२), आणि मीटर बोलतो मात्र तीन बोल्या. उलटही खरंच आहे: आज टेबलावर येणाऱ्या कित्येक ऑसिलोस्कोपना जीपीआयबीचं सॉकेटच नसतं, यूएसबी आणि लॅनवरून ते स्किपी बोलतात.

घोळाला थोडी नावंही जबाबदार आहेत. ‘*आयडीएन?’ (तू कोण?), ‘*आरएसटी’ (मूळ सेटिंगवर ये) या तारांकित कमांड स्किपीने सक्तीच्या केल्या, पण त्या मुळात १९८७ च्या आयईईई ४८८.२ मधल्या. नाव बसचं, मजकूर भाषेचा!

आता मुद्दा असा की बसलाही स्वतःच्या कमांड आहेत, आणि त्या त्याच आठ डेटा लाइनवरून जातात. मग उपकरणाला कळतं कसं? त्यासाठी ‘अटेन्शन’ नावाची एक लाइन आहे. समजा लाइनवर ५४ हा आकडा आला. अटेन्शन सोडलेली असेल तर तो ‘६’ हा अंक, तुमच्या व्होल्टेजच्या किमतीतला असेल कदाचित. कंट्रोलरने अटेन्शन ओढून धरली असेल तर त्याच ५४ चा अर्थ होतो ‘२२ नंबर, ऐक’, कारण ऐकण्याचा पत्ता म्हणजे ३२ अधिक उपकरणाचा नंबर. पहिला अर्थ मीटरचा पार्सर, म्हणजे आलेला मजकूर वाचणारा त्याच्या आतला प्रोग्राम लावतो, दुसरा त्याच्या आधीच बसचं सर्किट लावून मोकळं होतं.

यातूनच सगळ्यात महागात पडणारी जोडी निघते: डिव्हाइस क्लिअर आणि ‘*आरएसटी’. दोन्हीला आपण सर्रास ‘रिसेट’ म्हणतो. डिव्हाइस क्लिअर हा बसचा निरोप: २२ नंबरला ऐकायला लावा, मग अटेन्शन ओढलेली असतानाच ४ हा बाइट पाठवा. उपकरण अर्धवट वाचलेली कमांड टाकून देतं, न उचललेलं उत्तर पुसतं आणि नव्याने ऐकायला तयार होतं. रेंज, आउटपुट अशा सेटिंगला धक्का लागत नाही. ‘*आरएसटी’ बरोबर याच्या उलट. ती साधा मजकूर आहे, रांगेत उभी राहते, पार्सरने वाचली तरच चालते. आणि चालली की सेटिंग मूळ पदावर येतात, पण न वाचलेलं उत्तर तिथेच पडून राहतं.

म्हणजे अडकलेल्या मीटरला ‘*आरएसटी’ पाठवणं म्हणजे झोपलेल्याच्या उशाशी चिठ्ठी ठेवणं. आणि न अडकलेल्या पॉवर सप्लायला ती पाठवली तर आउटपुट बंद. रात्रभर चाललेली सोक टेस्ट (उपकरण तासन्‌तास चालू ठेवून घेतलेली चाचणी) मी एकदा अशीच मारली आहे; मला फक्त एक जुनं उत्तर पुसायचं होतं. ‘*सीएलएस’ हा तिसरा भिडू, तो स्टेटस रजिस्टर आणि एररची रांग पुसतो, सेटिंगला हात लावत नाही. पायव्हिसा या पायथनच्या लायब्ररीमध्ये ‘क्लिअर’ हे फंक्शन आहे आणि बाकी दोन्ही ‘राइट’ने पाठवायच्या मजकुराच्या ओळी आहेत, यावरूनच कोण बसचं आणि कोण भाषेचं ते ओळखता येतं.

बस बदलली की बसची कामं कुणाला तरी उचलावी लागतात. जीपीआयबीवर मीटर रिमोटमध्ये (संगणकाच्या ताब्यात) जातो तो ‘रिमोट एनेबल’ लाइनमुळे. आरएस-२३२ या सिरियल पोर्टला तशी लाइन नाही, म्हणून तिथे ३४४०१ए ला आधी ‘सिस्टिम:रिमोट’ ही कमांड द्यावी लागते. विसरलात तर ५५० नंबरची एरर. क्लिअरसाठी तिथे कंट्रोल-सी हे अक्षर ठेवलंय. यूएसबीच्या टेस्ट-अँड-मेजरमेंट क्लासमध्ये क्लिअरची स्वतंत्र विनंती आहे. लॅनवरच्या साध्या सॉकेटमध्ये मात्र नुसती मजकुराची एकच नळी. ती तुंबली की तिच्यातूनच ‘मोकळी हो’ कसं सांगणार? हायस्लिप हा लॅनवरून उपकरणांशी बोलायचा प्रोटोकॉल म्हणूनच दोन जोडण्या उघडतो, एक मजकुराला आणि दुसरी अशा निरोपांना.